तेपेग्योझचं नाव कोणीच ठेवलं नाही

गेल्या महिन्यात आमच्या जर्नल क्लबमध्ये माझी पाळी होती. पालींचे वंशवृक्ष दाखवून दाखवून लोक कंटाळलेत, खरं सांगायचं तर मीही कंटाळले आहे. म्हणून या वेळी जरा गंमत करावी म्हटलं आणि गोष्टींचा वंशवृक्ष हा विषय घेतला. प्राण्यांच्या डीएनएवरून आपण जसा त्यांचा वंशवृक्ष काढतो, तसाच लोककथांच्या वेगवेगळ्या रूपांवरूनही काढता येतो. हे काम करणारे लोक आहेत आणि त्यातले काही पेपर खरंच वाचनीय आहेत. जेमी तेहरानी यांनी २०१३ साली लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीची ५८ रूपं घेऊन असा वृक्ष काढला. त्याच वर्षी फ्रान्सच्या ज्युलियाँ द्वी यांनी एकडोळ्या राक्षसाच्या गोष्टीवर हेच तंत्र वापरलं आणि ती गोष्ट थेट अश्मयुगापर्यंत मागे जाते असं मांडलं.

मी याच राक्षसाची सहा रूपं घेऊन एक खेळण्यातला तक्ता बनवला होता. त्यात होमरचा पॉलिफेमस होता आणि मध्ययुगीन तुर्कांचा तेपेग्योझही. झाड सुंदर आलं. मी स्लाइडवर दोघांची चित्रं लावली आणि म्हणाले, "हा तेपेग्योझ म्हणजे पॉलिफेमसचा चुलत भाऊ." लोक हसले. शेवटी एमएस्सीच्या एका मुलाने हात वर केला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "ताई, ही तुर्की गोष्ट तुम्ही वाचलीय का?"

वाचली नव्हती. दोन परिच्छेदांचा सारांश वाचला होता, त्यावरून रकाने भरले होते. हे मी तिथे कबूल केलं, पण घरी येईपर्यंत कान गरम होते. ज्या पालीचा नमुना हातात घेतला नाही तिच्याबद्दल मी एक ओळही लिहिणार नाही, असं मी ज्युनिअर मुलांना सुनावत असते.

मग वाचली. जेफ्री लुईस यांच्या १९७४ च्या इंग्रजी भाषांतरातून, दोनदा. ही पोस्ट त्या वाचनाबद्दल आहे. गोष्ट कशी आहे, कुठे जमली आहे, कुठे फसली आहे, आणि माझ्या तक्त्यातून तिचा जवळजवळ अर्धा भाग कसा गळून गेला, त्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'देदे कोर्कुतचं पुस्तक' हा ओघुझ तुर्कांच्या वीरकथांचा संग्रह. हे ओघुझ मूळचे मध्य आशियातले, सीर दर्याच्या काठचे भटके पशुपालक. अकराव्या शतकापासून ते इराणमार्गे पश्चिमेला अनातोलियात पसरले आणि जाताना आपल्या गोष्टीही घेऊन गेले. आज जी संहिता आपल्याकडे आहे ती पूर्व अनातोलिया आणि अझरबैजानच्या मुलखात बरीच नंतर लिहिली गेली. बारा कथांचं मुख्य हस्तलिखित ड्रेस्डेनला आहे. दुसरं व्हॅटिकनमध्ये, पण त्यात सहाच कथा आहेत आणि तेपेग्योझची नाही. म्हणजे ही पूर्ण गोष्ट ड्रेस्डेनच्या प्रतीमुळे आपल्यापर्यंत आली. ती तिथे आठवी आहे. अर्थात गोष्ट प्रतीपेक्षा जुनी आहेच. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तच्या मामलुक दरबारातला इतिहासकार इब्न अद-दवादारी या राक्षसाचा आणि त्याला मारणाऱ्या बासातचा उल्लेख करतो.

युरोपला ही गोष्ट कळली ती १८१५ साली. इस्तंबूलमध्ये प्रशियाचा राजदूत राहिलेल्या हाइनरिख फ्रीडरिख फॉन डीत्सने ती छापली, आणि छापतानाच होमरशी तुलना करून टाकली. शीर्षकातच 'नव्याने सापडलेला ओघुझ सायक्लॉप्स' होता. डीत्सचं म्हणणं असं की तुर्की गोष्टच जुनी, होमरने ती आशियाकडून घेतली. पुढच्या अभ्यासकांपैकी बहुतेकांनी बाण उलटा फिरवला. १८५७ मध्ये ग्रिम बंधूंपैकी विल्हेल्म ग्रिमने पॉलिफेमसच्या अशा कितीतरी भावंडांची यादी केली. म्हणजे गेली दोनशे वर्षं या गोष्टीला पहिला प्रश्न हाच विचारला गेलाय: तू कोणाची? मीही स्लाइडवर तेच विचारलं होतं, फक्त सॉफ्टवेअर लावून.

आता गोष्ट.

एका रात्री ओघुझांच्या तळावर शत्रू चालून येतो. लोक अंधारात पळतात आणि त्या धावपळीत आरुझ नावाच्या सरदाराचं तान्हं बाळ कुठेतरी पडतं. एक सिंह ते उचलून नेतो आणि वाढवतो. काही काळाने ओघुझ पुन्हा त्याच जागी तळ टाकतात, तेव्हा घोडे राखणारा येऊन सांगतो की बोरूच्या बेटातून काहीतरी बाहेर येतं, चालणं माणसासारखं, पण घोड्यावर झडप घालून त्याचं रक्त पितं. आरुझ ओळखतो. मुलाला पकडून घरी आणतात, तो पुन्हा सिंहाच्या गुहेकडे पळतो, पुन्हा आणतात. शेवटी देदे कोर्कुत येतो. हा ओघुझांचा म्हातारा ज्ञानी, शाहीर, नाव ठेवणारा, तंटे सोडवणारा, सगळंच. तो मुलाला सांगतो की तू माणूस आहेस, जनावरांत राहू नकोस, चांगल्या घोड्यावर बस, चांगल्या मुलांबरोबर फिर. आणि त्याचं नाव ठेवतो: बासात.

हा झाला नायक. राक्षसाचा अजून पत्ता नाही.

पुढे ओघुझ उन्हाळी कुरणांकडे निघतात. सगळ्यात पुढे आरुझचा एक धनगर असतो. एका झऱ्यापाशी त्याच्या मेंढ्या बुजतात. बघतो तर पऱ्या पंखाला पंख लावून उडताहेत. धनगर आपलं नमद्याचं घोंगडं फेकतो, एक परी पकडतो आणि तिच्यावर जबरदस्ती करतो. गोष्ट हे दोन वाक्यांत उरकते. परी उडून जाताना सांगते की वर्षाने ये आणि तुझी ठेव घेऊन जा, पण लक्षात ठेव, तू ओघुझांवर अरिष्ट आणलंयस.

वर्षाने धनगर त्याच झऱ्यापाशी येतो. जमिनीवर एक चकाकणारा गोळा पडलेला असतो. तो घाबरून गोफणीने दगड मारतो. प्रत्येक दगडाबरोबर गोळा मोठा होतो. धनगर पळून जातो आणि गोष्टीतूनही कायमचा जातो. मग तिथे ओघुझांचा खान बायिंदिर सरदारांना घेऊन येतो. त्या वस्तूला डोकं कुठे, बूड कुठे, काही कळत नाही. एकेक जण उतरून लाथ मारतो, तसतशी ती वाढत जाते. शेवटी आरुझच्या टाचेची आर लागते आणि गोळा फुटतो. आतून एक मुलगा निघतो. अंग माणसाचं, माथ्यावर एकच डोळा. तुर्कीत तेपे म्हणजे माथा आणि ग्योझ म्हणजे डोळा. आरुझ त्याला अंगरख्यात गुंडाळतो आणि खानाला म्हणतो, हा मला द्या, माझ्या बासातबरोबर वाढवतो.

दूध पाजायला दाई आणतात. पहिल्या ओढीला तो तिचं सगळं दूध पितो, दुसरीला रक्त, तिसरीला जीव. अशा काही दाया जातात. मग त्याला रोज हंडाभर दूध देतात, तेही पुरत नाही. खेळायला लागल्यावर तो इतर पोरांची नाकं-कान खाऊ लागतो. आरुझ मारतो, शिव्या देतो, बंदी घालतो, आणि शेवटी घरातून हाकलून देतो. तेव्हा परी आई येऊन त्याच्या बोटात अंगठी घालते: बाण रुतणार नाही, तलवार कापणार नाही. तेपेग्योझ डोंगरात जातो आणि माणसं खायला लागतो.

इथे जरा थांबते, कारण माझ्या तक्त्यात यातलं काहीही नव्हतं. माझा तक्ता गुहेपासून सुरू होत होता. राक्षस एकडोळ्या आहे का: होय. मेंढ्या पाळतो का: होय. नायक गुहेत अडकतो का: होय. तापवलेल्या टोकाने डोळा फोडतो का: होय. मेंढ्याच्या आडून सुटतो का: होय. नायक खोटं नाव सांगतो का: नाही. असे बारा रकाने.

हे रकाने ठरवले कसे ते महत्त्वाचं आहे. वंशवृक्ष काढताना आपण 'माहितीपूर्ण' लक्षणं शोधतो, म्हणजे किमान दोन जातींत असलेली आणि किमान दोन जातींत नसलेली. जे लक्षण फक्त एकाच जातीत आहे ते ती जात कोणाच्या जवळची हे सांगत नाही, म्हणून काटकसरीच्या पद्धतीत त्याला शून्य किंमत. पालींच्या बाबतीत हे बिनचूक आहे. एखाद्याच जातीच्या पाठीवर वेगळा ठिपका असेल तर तो नोंदवून झाड हलत नाही. पण गोष्टीच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो की जे तिचं एकटीचं आहे तेच आधी चाळणीतून खाली पडतं. चकाकणारा गोळा, सरदारांच्या लाथा, दायांचे मृत्यू, सिंहाने वाढवलेला भाऊ, हे सगळं इतरांत नव्हतं म्हणून मी ते नोंदवलंच नाही. आणि मग झाडाकडे बघून जाहीर केलं की ही गोष्ट पॉलिफेमससारखी आहे! फरक आधीच काढून टाकल्यावर दुसरं काय दिसणार होतं?

बरं, हा गोळा म्हणजे एखाद्या कथाकाराची लहर नाही. तेराव्या शतकात, १२५० च्या दशकात, फारसी इतिहासकार जुवैनी उइघुर तुर्कांची एक जुनी कथा नोंदवतो. तुगला आणि सेलेंगा या नद्यांच्या संगमाजवळ दोन झाडं होती. त्यांच्यामध्ये एक उंचवटा वर आला. त्यावर आकाशातून उजेड पडायचा आणि तो दिवसेंदिवस फुगत जायचा. एक दिवस त्याला दार उघडलं आणि आत पाच बाळं होती. बोलायला लागल्यावर त्यांनी विचारलं, आमचे आईबाप कुठे? लोकांनी त्या दोन झाडांकडे बोट दाखवलं. त्यातलाच धाकटा पुढे खान झाला. जुवैनीचा स्वतःचा यावर विश्वास नाही, तो थट्टेच्या सुरात सांगतो, पण सांगतो तपशिलात. शिवाय ओघुझ खानाच्या आख्यानातही त्याची एक बायको आकाशातून उतरलेल्या उजेडात सापडते आणि दुसरी झाडाच्या ढोलीत. किपचाक लोकांचा मूळपुरुष झाडाच्या पोकळीत जन्मला, असं रशीद अद-दीन सांगतो.

म्हणजे या लोकांच्या समजुतीत जमिनीतून फुगत जाणारी, चमकणारी, आत मूल असलेली वस्तू ही राजाच्या जन्माची खूण होती. झऱ्याकाठचा तो गोळा पाहून मध्ययुगीन ओघुझ श्रोत्याला आधी राक्षस आठवला असेल असं मला वाटत नाही. त्याला वाटलं असेल, आता खान जन्मणार. आणि ओघुझ काय करतात? दगड मारतात, लाथा घालतात. तो वाढतो तोही लाथांनीच. मला ही या कथेतली सगळ्यात थोर जागा वाटते. कथाकार कुठेही म्हणत नाही की बघा, यांनी आपल्या हाताने राक्षस घडवला. तो फक्त लाथा मोजतो.

तुर्कांच्या भुताखेतांबद्दल आणखी एक नोंद इथे जुळते. महमूद अल-काशगरीने अकराव्या शतकात, १०७२ च्या सुमारास, बगदादमध्ये तुर्की भाषेचा अरबी कोश लिहायला घेतला. शब्दांच्या निमित्ताने तो समजुतीही टिपत जातो. 'चिवी' या शब्दाखाली तो सांगतो की ही जिनांची एक जमात. दोन टोळ्यांची लढाई होणार असली की आदल्या रात्री दोन्ही मुलखांतले जिन आपापल्या माणसांच्या बाजूने लढतात आणि ज्यांचे जिन जिंकतील त्यांचाच दुसऱ्या दिवशी जय होतो. म्हणून शिपाई त्या रात्री जिनांचे बाण लागू नयेत म्हणून तंबूतून बाहेर पडत नाहीत. किती वेगळी कल्पना आहे ही! भूत परकं नाही. ते आपल्याच मुलखाचं, आपल्याच बाजूचं, आपल्या नशिबाला बांधलेलं. तेपेग्योझही तसाच आहे. पॉलिफेमस दूरच्या बेटावर राहतो, ओडिसियस आपल्या पायाने त्याच्या गुहेत जातो आणि जहाजात बसून निघून येतो. तेपेग्योझ ओघुझांच्याच धनगराचा मुलगा आहे, ओघुझांच्याच सरदाराच्या घरात वाढलाय. त्याच्यापासून दूर निघून जायची सोय नाही.

आणि ओघुझ खरंच पळून बघतात. सात वेळा. सातही वेळा तेपेग्योझ पुढे जाऊन वाट अडवतो आणि त्यांना होते त्या जागी परत आणतो. हे वाचताना मी दचकले, कारण हे काम कोणाचं असतं? कळप भरकटला की पुढे जाऊन आडवा होणारा आणि वळवून आणणारा तो धनगर. बापाने मेंढ्या राखल्या, मुलगा माणसं राखतो. मग देदे कोर्कुत वाटाघाटीला जातो. तेपेग्योझ रोज साठ माणसं मागतो. कोर्कुत घासाघीस करून दोन माणसं आणि पाचशे मेंढ्यांवर आणतो. शिवाय रांधायला दोन म्हातारे आचारी. त्यांची नावं युन्लू आणि यापाग्लू, म्हणजे साधारण 'लोकरवाला' आणि 'कातरलेल्या लोकरीचा'. माणसं आणि मेंढ्या एकाच हिशेबाच्या वहीत.

इथे आपल्याला बकासुर आठवणारच. एकचक्रा नगरी, गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, घरोघरची पाळी, रडणारं कुटुंब. ओघुझांतही एका बाईचा एक मुलगा गेलेला असतो आणि पाळी फिरून दुसऱ्यावर येते. ती लढाईवरून परतलेल्या बासातकडे धावते. मग बकासुर आणि तेपेग्योझ एका वंशाचे म्हणायचे का? इथे मी हात आखडता घेईन. पालींच्या बोटांखालच्या चिकट गाद्या उत्क्रांतीत एकदाच आल्या नाहीत. वेगवेगळ्या शाखांत त्या अनेकदा आल्या आणि गेल्या, कारण भिंतीवर चढायचं तर उपाय थोडेच असतात. माणसं खाणाऱ्याशी तह करायचा तर पाळी लावण्याखेरीज दुसरा उपाय कोणत्या गावाला सुचेल? सारखेपणा म्हणजे नातं नव्हे, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. गोष्टींच्या बाबतीत तर शेजारून उचलेगिरीही चालते. पाली एकमेकींच्या गाद्या उसन्या घेत नाहीत.

गुहेतला भाग सगळ्यांना माहीत असल्यासारखा आहे, म्हणून पटकन सांगते. बासातचे बाण तेपेग्योझला माश्या बसल्यासारखे वाटतात. तो बासातला पकडून बुटात कोंबतो. बासात बूट फाडून निघतो आणि आचाऱ्यांना विचारतो की याचा मृत्यू कशात आहे. डोळ्याखेरीज याच्या अंगावर मांस नाही, असं ते सांगतात. मांस भाजायची सळई तापवून बासात तो डोळा फोडतो. आंधळा तेपेग्योझ गुहेच्या दारात पाय फाकून उभा राहतो, तेव्हा बासात एक मेंढा मारून, डोकं आणि शेपूट तसंच ठेवून त्याचं कातडं पांघरतो. ओडिसियस मेंढ्याच्या पोटाखाली लटकतो, बासात स्वतःच मेंढा होतो. माझ्या रकान्यात दोन्हींना एकच गुण होता.

यानंतर गोष्ट घसरते, हेही सांगायला हवं. अंगठीची युक्ती, मग खजिन्याच्या घुमटाची, मग गुहेत वर-खाली होणाऱ्या तलवारीची. तेपेग्योझ दर वेळी नवा सापळा लावतो, बासात दर वेळी सुटतो, आणि तोच प्रश्न: सुटलास का रे? घुमटात अडकलेला बासात कलमा म्हणतो आणि भिंतीला सात दारं फुटतात. नंतरच्या मुसलमान कथाकाराने लावलेलं ठिगळ असावं असं मला वाटतं. शिलाई दिसते. सभेत म्हणून दाखवताना ही पुनरुक्ती रंगत असेल, कागदावर ती लांबते.

पण शेवट पुन्हा उचलतो. सगळे डाव हरल्यावर आंधळा तेपेग्योझ विचारतो: तुझा मुलूख कोणता, खान कोण, बापाचं नाव काय, तुझं नाव काय? आता आठवा, पॉलिफेमसही नाव विचारतो. ओडिसियस सांगतो, माझं नाव 'कोणी नाही'. त्या एका शब्दावर त्याची सुटका होते. खरं नाव तो नंतर जहाजातून, सुरक्षित अंतरावरून, फुशारकीने ओरडतो आणि त्याची शिक्षा वर्षानुवर्षं भोगतो. बासात मात्र समोर उभा राहून सगळं सांगतो. मुलूख, खान, बाप. आणि एक विचित्र गोष्ट सांगतो: माझी आई विचारशील तर विशाल झाड, बाप विचारशील तर सिंह, आणि मी आरुझचा मुलगा बासात.

सिंह ठीक, त्याने वाढवलंच होतं. झाड कुठून आलं? या गोष्टीत झाडाचा उल्लेखच नव्हता. जुवैनीची ती पाच बाळं आठवली की उत्तर मिळतं. खानांच्या जन्मकथेचे इथे दोन तुकडे झालेत. फुगत जाणारा उजेडाचा गोळा एका भावाच्या वाट्याला गेला, आई म्हणून झाड दुसऱ्याच्या.

हे ऐकून तेपेग्योझ म्हणतो: म्हणजे आपण भाऊ. मला मारू नकोस.

या वाक्यापाशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण तो खोटं बोलत नाहीये. एकाच घरात वाढलेली दोन रानटी पोरं. दोघांनी रक्त प्यायलं, एकाने घोड्यांचं, एकाने दाईचं. दोघांचा जन्म किंवा बालपण माणसांच्या बाहेरचं. एकाला पळून गेल्यावर दोनदा परत आणलं, म्हाताऱ्याने जवळ घेऊन समजावलं, नाव ठेवलं. दुसऱ्याला लाथांनी जन्म दिला, मारलं, हाकललं. त्याचं बारसं या गोष्टीत नाहीच. 'तेपेग्योझ' हे नाव कसलं, वर्णन आहे ते: माथ्यावर-डोळा. जसं आपण रस्त्यावरच्या कुत्र्याला लंगड्या म्हणतो. देदे कोर्कुत त्याच्याकडे जातो तो थेट घासाघीस करायला, तोवर उशीर झालेला असतो.

बासातचं उत्तरही खोटं नाही. तू माझ्या म्हाताऱ्या बापाला रडवलंस, माझा भाऊ कियान तुझ्यामुळे गेला, म्हणून मी तुला सोडणार नाही. तो तेपेग्योझला उंटासारखं गुडघ्यांवर बसवतो आणि त्याच्याच तलवारीने मान उडवतो. देदे कोर्कुत येतो, आशीर्वाद देतो, आनंदीआनंद.

या आनंदाची गोष्टीने किंमत कुठे मोजली आहे का? याच कथेत नाही. धनगराला कोणी विचारत नाही, परीचं दुःख दोन वाक्यांत संपलेलं आहे, आणि सरदारांच्या लाथा कोणाला आठवत नाहीत. ही माझी खरी तक्रार आहे. पण संग्रहाच्या शेवटच्या, बाराव्या कथेत हाच आरुझ, नायकाचा आणि राक्षसाचा बाप, मानापमानावरून काझान या प्रमुख सरदाराशी फुटून निघतो. काझान त्याचा भाचा. ओघुझ एकमेकांवर तलवारी उपसतात आणि आरुझ त्यात मारला जातो. या दोन कथांमध्ये मुद्दाम दुवा ठेवलाय असा दावा मी करणार नाही. पण आठवी वाचून बारावीकडे गेलं की आरुझच्या घरात जे वाढलं ते गुहेत मेलं नव्हतं, असं वाटत राहतं. ड्रेस्डेनच्या प्रतीचा क्रम बदलला तर हे वाटणं नाहीसं होईल, आणि असा परिणाम कुठल्याही रकान्यात बसत नाही.

मी या पद्धतीवर फुली मारतेय का? नाही. द्वी आणि तेहरानी यांचे प्रश्न खरे आहेत: गोष्टी कशा प्रवास करतात, किती जुन्या असतात. त्यांना झाडंच लागतात. गुहा, सळई आणि मेंढा या तीन गोष्टी होमर आणि ओघुझ यांच्यात योगायोगाने आल्या असं मलाही वाटत नाही. माझी चूक एवढीच, की नात्याच्या प्रश्नाचं उत्तर मी गोष्टीच्या अर्थाचं उत्तर म्हणून खपवलं आणि तेही गोष्ट न वाचता.

तक्ता दुरुस्त करतेय. 'खोटं नाव सांगतो: नाही' हा रकाना सगळ्यात आधी मोडला, कारण त्यात बासात आणि जिथे नावाचा प्रश्नच येत नाही अशी रूपं एकाच शून्यात बसत होती. आता तिथे तीन पर्याय आहेत: नाव विचारलंच नाही, खोटं सांगितलं, खरं सांगितलं. तिसऱ्या रकान्यात सध्या एकटा बासात आहे. काटकसरीच्या हिशेबाने तो बिनकामाचा, झाड त्याने हलणार नाही. तरी राहू दिलाय. त्या एमएस्सीच्या मुलाला लुईसचं पुस्तक दिलंय, त्याने ते अजून परत केलेलं नाही.